सूक्ष्मशैवले व पटल निस्यंदन यांद्वारे वाहितमल संस्करण

सूक्ष्मशैवले व पटल निस्यंदन यांद्वारे वाहितमल संस्करण : घरगुती सांडपाण्यात विरघळलेले नायट्रोजन व फॉस्फरस हे घटक सूक्ष्मशैवलांच्या वाढीसाठी वापरून घेणे आणि वाढलेली शैवले सूक्ष्मछिद्री पटलाच्या साहाय्याने पाण्यातून वेगळी काढणे, या दोन क्रियांवर आधारलेली पाणी शुद्ध करण्याची पद्धत. सूक्ष्मशैवले म्हणजे नुसत्या डोळ्यांना सुटी न दिसणारी, सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणारी एककोशिक किंवा तंतुरूप जीवसृष्टी होय [⟶ शैवले]. पटल म्हणजे ज्यातून पाणी जाऊ शकते, परंतु ठराविक आकारापेक्षा मोठे कण जाऊ शकत नाहीत असा बहुवारिकाचा किंवा मृत्तिकेचा पातळ पापुद्रा होय. या पद्धतीत शैवल विरघळलेल्या द्रव्याचे घन कणात रूपांतर करते व पटल तो घन कण अडविते. यांपैकी एकच क्रिया योजली, तर काम अपुरे राहते. जेथे सांडपाणी शेवटी एखाद्या विहिरीत, तळ्यात किंवा बाहेर जाण्यास वाट नसलेल्या सरोवरात पोहोचते, तेथे या अपुरेपणाचे परिणाम विशेष जाणवतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्याचा परिसर हे याचे ठळक उदाहरण असून त्या तालुक्यातील सुलतानपूरसारख्या मोठ्या गावांच्या दृष्टीने या पद्धतीचा विचार प्रस्तुत लेखात पुढे केला आहे.

सांडपाण्याचे स्वरूप : घरगुती सांडपाण्याचे दोन भाग पडतात. स्नान, धुणी, भांडी व स्वयंपाक यांचे पाणी हा पहिला भाग आणि शौचकूपातील मलमूत्रमिश्रित पाणी हा दुसरा. आकारमानाने पहिला भाग फार मोठा असतो. पण नायट्रोजनाचा बहुतेक अंश दुसऱ्यात, त्यातही मूत्रात असतो. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील ऑक्सिजन वापरला जातो. या वापराच्या मापास जैव रासायनिक ऑक्सिजन मागणी असे म्हणतात व सांडपाण्याची तीव्रता सामान्यतः याच मापाने सांगितली जाते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९१४ मध्ये अर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेली सक्रियित गाळ पद्धती आणि तीवर आधारलेली बहुतेक संस्करण केंद्रे मुख्यत्वे ही मागणी कमी करण्यासाठी रचलेली आहेत. त्यांतील सूक्ष्मजंतू सेंद्रिय कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइडात रूपांतर करतात. परंतु नायट्रोजन व फॉस्फरस यांचा मोठा अंश अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट या रूपांत बाहेर पडणाऱ्या पाण्यात तसाच राहतो. पाणी दिसण्यास स्वच्छ असते, मात्र त्याची खतशक्ती कायम असते. असे पाणी जलाशयात गेल्यास तेथे शैवले अनियंत्रितपणे वाढतात, मरतात, कुजतात आणि जलाशयातील ऑक्सिजन संपुष्टात आणतात. या प्रक्रियेला सुपोषण असे म्हणतात. भूजलात उतरलेल्या नायट्रेटाचा प्रश्न निराळा आहे. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला ४५ मिग्रॅ. पेक्षा जास्त नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे.

भारतात संस्करण केंद्रांसाठी २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत जैव रासायनिक ऑक्सिजन मागणीची मर्यादा महानगरांसाठी दर लिटरला २० मिग्रॅ. व अन्य ठिकाणी ३० मिग्रॅ. अशी ठरविण्यात आली. परंतु नायट्रोजन व फॉस्फरस यांची मर्यादा त्यांत नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिलेल्या आदेशात अधिक कडक मापे सांगून एकूण नायट्रोजन दर लिटरला १० मिग्रॅ. आणि एकूण फॉस्फरस १ मिग्रॅ. या मर्यादांचा समावेश केला. विरघळलेल्या पोषक द्रव्यांकडे लक्ष वळल्यामुळे शैवलाधारित पद्धतींना महत्त्व आले.

इतिहास : उथळ तळ्यात सांडपाणी काही दिवस साठवून ठेवल्यास ते आपोआप निवळते, हा अनुभव जुना आहे. या क्रियेत शैवले व सूक्ष्मजंतू परस्परांना पूरक ठरतात. सूक्ष्मजंतू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करून कार्बन डाय-ऑक्साइड व अमोनिया मुक्त करतात. शैवले हे पदार्थ घेऊन प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन देतात आणि तोच ऑक्सिजन सूक्ष्मजंतूंना पुन्हा उपयोगी पडतो. यामुळे पाण्यात यंत्राने हवा मिसळण्याचा खर्च वाचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात या सहजीवनाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि पाणी सावकाश फिरते ठेवणाऱ्या उथळ, वेगवान वाढीच्या शैवल तळ्याची कल्पना विकसित केली. भारतात नागपूर येथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पुढे १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) हे नाव मिळाले. भारतीय हवामानातील स्थिरीकरण तळ्यांचा अभिकल्प, बांधणी व देखभाल यांविषयी सोली आर्सिवाला व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेला ग्रंथ या संस्थेने १९७० मध्ये प्रसिद्ध केला. भरपूर सूर्यप्रकाश व उष्ण हवामान असलेल्या विदर्भासारख्या प्रदेशात ही तळी चांगली चालतात.

पटलांचा विकास स्वतंत्रपणे झाला. सिडनी लोब व मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील शाखेत सेल्युलोज ॲसिटेटाचे असममित पटल तयार केले. त्याचा वरचा थर अतिशय पातळ व खालचा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पुरेशा वेगाने पार होऊ लागले व पटलांचा व्यावहारिक वापर शक्य झाला. जपानमधील काझुओ यामामोटो व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये सांडपाण्याच्या टाकीतच बुडवून ठेवलेली पटले वापरून त्यांतून मंद चोषणाने शुद्ध पाणी ओढून घेण्याची रीत मांडली. हिच्यामुळे ऊर्जेचा खर्च बराच कमी झाला. भारतात मुंबई येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने पिण्याच्या पाण्याच्या घरगुती शुद्धीकरणासाठी अतिसूक्ष्म निस्यंदन पटले विकसित केली आहेत.

शैवलांचे कार्य : शैवल कोशिकेच्या शुष्क वजनात कार्बन सु. ५०%, नायट्रोजन सु. ७% व फॉस्फरस सु. १% असतो. याचा अर्थ, पाण्यातून एक ग्रॅम नायट्रोजन काढून घ्यावयाचा असेल, तर सु. १४ ग्रॅम शुष्क शैवल तयार व्हावे लागते. घरगुती सांडपाण्याचे पीएच मूल्य उदासीनाच्या जवळपास असते व त्यात क्लोरेला, सीनडेस्मस यांसारखी हिरवी शैवले प्रामुख्याने वाढतात. तळ्याची खोली २० ते ४० सेंमी. ठेवतात, कारण दाट वाढलेल्या शैवलांतून प्रकाश त्याहून खाली फारसा पोहोचत नाही. पाणी फिरते ठेवण्यासाठी पाती असलेले चाक मंद गतीने फिरवितात. दिवसा शैवले कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात, त्यामुळे पाण्याचे पीएच मूल्य ९ च्या वर जाऊ शकते. अशा अवस्थेत काही अमोनिया हवेत निघून जातो, काही फॉस्फेट कॅल्शियमाबरोबर अवक्षेपित होते आणि तीव्र प्रकाश व वाढलेला ऑक्सिजन यांच्या जोडीने रोगकारक सूक्ष्मजंतूंची संख्या घटते.

या सर्व प्रक्रियेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. शैवलाने नायट्रोजन शोषून घेतला म्हणजे तो पाण्यातून नाहीसा होत नाही. तो केवळ विरघळलेल्या रूपातून कोशिकेच्या रूपात जातो. ती कोशिका पाण्याबरोबर वाहून गेली व पुढे कुजली, तर तिच्यातील सर्व द्रव्य पुन्हा पाण्यात उतरते. एक ग्रॅम शैवल पूर्ण कुजण्यास सु. दीड ग्रॅम ऑक्सिजन लागतो. यामुळे दर लिटरला ०.३५ ग्रॅम शैवल असलेले हिरवे पाणी जलाशयात सोडल्यास दर लिटरमागे सु. ५०० मिग्रॅ. ऑक्सिजनाची मागणी त्या जलाशयावर लादली जाते. स्नान-धुण्याच्या कच्च्या सांडपाण्याची मागणीही पुष्कळदा याहून कमी असते. म्हणून शैवल वाढविणे हा संस्करणाचा अर्धाच भाग असून शैवल पाण्याबाहेर काढणे हा उरलेला व अधिक कठीण भाग होय.

पटलाचे कार्य : शैवल पाण्यातून काढणे कठीण असण्याचे कारण म्हणजे त्याची विरलता. तळ्यातील पाण्यात शैवलाचे प्रमाण जेमतेम ०.०२ ते ०.०६ टक्के असते. क्लोरेलाच्या कोशिकेचा व्यास २ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मीटरचा दशलक्षांश भाग) असतो, तिची घनता पाण्याहून किंचितच जास्त असते व पृष्ठभागावर ऋण विद्युत् भार असल्यामुळे कोशिका परस्परांना दूर सारतात. परिणामी त्या लवकर तळाशी बसत नाहीत. तुरटी किंवा तत्सम रसायने घातल्यास त्यांचे पुंजके बनून त्या खाली बसतात. पण त्या रसायनाचा अंश शैवलात राहिल्यामुळे त्याचे खतमूल्य कमी होते. केंद्रोत्सारी यंत्राने त्या पूर्णपणे वेगळ्या करता येतात, परंतु त्यासाठी वीज फार लागते.

सूक्ष्म निस्यंदन पटलाची छिद्रे सामान्यतः ०.१ ते १ मायक्रॉन व अतिसूक्ष्म निस्यंदन पटलाची ०.०१ ते ०.१ मायक्रॉन असतात. पहिल्या प्रकारात शैवले व बहुतेक सूक्ष्मजंतू अडतात, तर दुसऱ्यात विषाणूंचाही मोठा भाग अडतो. विरघळलेले अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट मात्र दोन्हींतून पार होतात. ते अडविण्यास व्यस्त तर्षणाची पटले लागतात व त्यासाठी मोठा दाब आणि खर्च करावा लागतो. शैवलाने हे क्षार आधीच कोशिकेत बांधून ठेवले असतील, तर तेच काम मोठ्या छिद्रांच्या, कमी दाबाच्या पटलाने साधते. दोन्ही क्रियांच्या जोडणीचे मर्म येथे आहे.

जोडणीचा आणखी एक लाभ आहे. साध्या तळ्यात पाणी जितके दिवस राहते, तितकेच दिवस शैवलही राहते. पाणी लवकर काढल्यास शैवल वाढण्यापूर्वीच वाहून जाते. पटलामुळे पाणी बाहेर पडते व शैवल आत राहते. त्यामुळे पाण्याचा वास्तव्यकाल आणि शैवलाचे वय ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे ठरविता येतात. शैवलाचे प्रमाण वाढवून पाण्याचा वास्तव्यकाल कमी करता येतो. तथापि प्रमाण फार वाढविल्यास कोशिका एकमेकींवर सावली धरतात व वाढ खुंटते. यासाठी ठराविक अंशाचे शैवल रोज काढून घ्यावे लागते.

पटलाची मुख्य अडचण म्हणजे त्यावर चढणारे किटण. शैवलांचा थर व त्यांतून स्रवणारी चिकट शर्करायुक्त द्रव्ये छिद्रांत बसतात आणि पाणी पार होण्याचा वेग घटतो. यावर उपाय म्हणून पटलाखालून हवेचे बुडबुडे सोडतात, ठराविक वेळाने पाणी उलट दिशेने ढकलतात आणि काही आठवड्यांनी सोडियम हायपोक्लोराइट व सायट्रिक अम्ल यांनी पटल धुतात. पटले काही वर्षांनी बदलावी लागतात. शैवल-पटल केंद्राचा बराच चालू खर्च याच बाबींवर होतो.

सुलतानपूर–लोणार परिसर : सुलतानपूर हे गाव मेहकर–सिंदखेडराजा मार्गावर असून तालुक्याचे ठिकाण लोणार तेथून जवळ आहे. हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यावर अनेक ठिकाणी काळी चिकण माती आहे. महाराष्ट्रातील गावांत सांडपाणी जिरविण्यासाठी शोषखड्डे केले जातात व नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने ते घरोघर यशस्वी करून दाखविले आहेत. मात्र काळी माती भिजली की फुगते व तिच्यातून पाणी मंद गतीने झिरपते. याउलट माती पातळ असून खाली भेगाळलेला बेसाल्ट असेल, तर पाणी पुरेसे गाळले न जाता थेट विहिरींच्या झऱ्यांपर्यंत उतरते. यामुळे जमिनीचा प्रकार न पाहता सर्वत्र एकच उपाय योजता येत नाही.

लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसाल्टात निर्माण झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सु. १.८ किमी. व काठापासून खोली सु. १५० मी. आहे. झरे व पावसाचे ओहोळ यांचे पाणी सरोवरात येते, परंतु त्यातून बाहेर वाहणारा एकही प्रवाह नाही. पाणी मुख्यतः बाष्पीभवनाने जाते व क्षार मागे राहतात. म्हणून सरोवराचे पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी असून त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास आढळले आहे. अशा पाण्यात आर्थ्रोस्पायरा (स्पायरुलिना) ही तंतुरूप नील-हरित शैवले विपुल वाढतात व सरोवराचा परिचित हिरवा रंग त्यांच्यामुळेच येतो. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ही लवणप्रिय आर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांमधील रंगद्रव्याची करणी असल्याचे दिसून आले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की या जीवांना अनुकूल परिस्थिती लाभते. नोव्हेंबर २०२० मध्ये हे सरोवर रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून घोषित झाले.

लोणार शहरातील सांडपाणी उतारावरून सरोवराकडे जात असल्याचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत असून सरोवराच्या संरक्षणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला आहे. नदीत सोडलेले सांडपाणी निदान पुढे वाहून जाते व विरल होते. बंदिस्त सरोवरात आलेला नायट्रोजन व फॉस्फरस यांना असा मार्ग नसतो. फॉस्फरसाला हवेत जाण्याचाही मार्ग नसल्यामुळे तो पाण्यात किंवा तळच्या गाळात साठतच राहतो. शिवाय संस्करण कितीही उत्तम केले, तरी बाहेर पडणारे पाणी गोडे असते व ते सरोवरात सतत मिसळल्यास खारटपणा आणि अल्कधर्मिता बदलते. या दोन्हींवर तर तेथील वैशिष्ट्यपूर्ण जीवसृष्टी अवलंबून आहे. म्हणून या परिसरात पाणी शुद्ध करणे एवढेच पुरेसे नसून शुद्ध केलेले पाणी विवराबाहेरील शेतीकडे वळविणे तितकेच आवश्यक ठरते. लोणारची नील-हरित शैवले सांडपाण्याच्या तळ्यात लावावी, ही कल्पनाही सरळ लागू पडत नाही. त्यांना बायकार्बोनेटयुक्त तीव्र अल्कधर्मी पाणी लागते व ते सांडपाण्यात मिळत नाही. बाहेरून क्षार घातल्यास ते पाणी शेतीस निरुपयोगी होते.

गाव पातळीवरील हिशेब : सुलतानपूरसारख्या गावातील १०० घरांची, ५०० लोकांची एक वस्ती कल्पिल्यास पद्धतीची व्याप्ती ध्यानात येते. जल जीवन मिशनच्या मापाप्रमाणे दर माणशी रोज ५५ लि. पाणी धरले व त्याचा सु. ८०% भाग सांडपाणी होतो असे मानले, तर शौचकूपांचे पाणी वगळून रोज सु. २०,००० लि. सांडपाणी निघेल. त्यात माणशी रोज एक ग्रॅम नायट्रोजन धरल्यास रोज अर्धा किग्रॅ. नायट्रोजन काढावा लागेल व त्यासाठी सु. ७ किग्रॅ. शुष्क शैवल तयार व्हावे लागेल. दर चौ. मीटरला रोज १५ ग्रॅम उत्पादन मानता तळ्याचे क्षेत्र सु. ४८० चौ. मी., म्हणजे पाच गुंठ्यांहून थोडे कमी होते. ३० सेंमी. खोलीच्या अशा तळ्यात पाणी सात दिवस राहील. पटलातून दर चौ. मीटरला तासाला १५ लि. पाणी रोज २० तास जाते असे धरल्यास पटलाचे क्षेत्र सु. ६७ चौ. मी. लागेल. पटल व हवा यांसाठी दर घनमीटरला अर्धा ते एक युनिट वीज मानल्यास रोज १० ते २० युनिटे खर्च होतील.

याच वस्तीतील शौचकूपांचे सर्व पाणी तळ्यात सोडले, तर माणशी नायट्रोजन रोज सु. ८ ग्रॅम होतो आणि तळ्याचे क्षेत्र आठपट वाढून जवळजवळ एक एकर होते. म्हणून गावात दोन खड्ड्यांचे शौचकूप स्वतंत्र ठेवून केवळ स्नान-धुण्याचे पाणी तळ्यात घेणे व्यवहार्य ठरते. अर्थात असे खड्डे विहिरींपासून पुरेशा अंतरावर असले पाहिजेत.

मर्यादा : शैवलाची वाढ सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने रात्री ती थांबते. या परिसरात वर्षाच्या पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या दिवसांत ढगांमुळे वाढ मंदावते व नाल्यांचे पाणी तळ्यात शिरल्यास शैवल वाहून जाते. त्यामुळे तळ्याभोवती बांध व पावसाच्या पाण्यासाठी वेगळी गटारे असणे आवश्यक असते. पाणपिसू, चक्रधर यांसारखे सूक्ष्म प्राणी शैवल खातात व कधीकधी थोड्या दिवसांत तळे निवळते. त्या वेळी शैवलातील नायट्रोजन पुन्हा पाण्यात उतरतो. पटलाच्या देखभालीस प्रशिक्षित माणूस व खंड न पडणारा वीजपुरवठा लागतो. ज्या ग्रामपंचायतींना हे परवडत नाही, तेथे निवळण टाकी व कापडी गाळणी यांनी शैवलाचा मोठा भाग काढून पाणी शेतीला देणे हा मधला मार्ग होय. पिकाखालील जमिनीत उरलेले शैवल कुजले, तरी त्यातील नायट्रोजन पिकाला मिळतो. विहिरीलगत किंवा बंदिस्त जलाशयाच्या पाणलोट क्षेत्रात मात्र पटलाचा खर्च समर्थनीय ठरतो.

उपयोग : वरील वस्तीचे रोजचे २०,००० लि. पाणी एक हेक्टर जमिनीवर दररोज २ मिमी. उंचीच्या थराइतके होते. वेगळे काढलेले शैवल शेणाबरोबर जैववायू यंत्रात घालता येते किंवा त्याचे खत करता येते. वर्षभरातील शैवलात सु. १८० किग्रॅ. नायट्रोजन असतो. ४५ किग्रॅ. वजनाच्या सु. नऊ पोती युरियातील नायट्रोजनाइतका हा साठा असून खत होताना त्यातील काही अंश उडून जातो. स्पेनमधील चिक्लाना येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात सांडपाण्यावर वाढविलेल्या शैवलापासून जैववायू तयार करून तो वाहनांसाठी वापरण्यात आला. सांडपाण्यावर वाढलेले शैवल मानवी आहारात वापरू नये; आहारात वापरली जाणारी स्पायरुलिना स्वच्छ पाण्यात, स्वतंत्रपणे वाढविलेली असावी लागते. शैवलावाटे काढलेली पोषक द्रव्ये जमिनीकडे परतली, म्हणजेच सांडपाण्याचे संस्करण पूर्ण झाले असे म्हणता येते.